सोळा दिवाळी अंक, तीन पंच आणि एक शिट्टी

दिवाळी अंकांना बक्षिसे पुष्कळ मिळतात. परीक्षक घरी बसून अंक वाचतात, निकाल लागतो, शाल-श्रीफळ होते, आणि कोणता अंक कशामुळे वरचढ ठरला हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाची बाद फेरी नेमकी ही उणीव भरून काढते. दोन अंक फुटबॉलच्या संघांसारखे समोरासमोर येतात, त्यांचे साहित्य सगळ्यांच्या कानावर पडते आणि गोल कोणी केला ते लगेच फळ्यावर चढते. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून घरोघरी अंकांची तुलना चालत आली आहे. ती चव्हाट्यावर, तेही नियमांनी बांधून आणणे सोपे नाही. इथे ते बऱ्याच अंशी जमले आहे.

सोळा अंक, म्हणून पंधरा सामने. तुळशीच्या लग्नानंतर सुरुवात होते. पहिली फेरी चार रविवार, उपांत्यपूर्व दोन, दोन्ही उपांत्य सामने एका रविवारी आणि मग अंतिम. रविवारी दुपारी चारला शिट्टी वाजते आणि साडेसहाला दोन्ही सामने आटोपलेले असतात. ही वेळ मुद्दाम धरली आहे, कारण रात्री आसपासच्या जत्रा आणि दहीकाल्याची दशावतारी नाटके सुरू होतात आणि मग सभागृहात कोणी थांबत नाही.

प्रत्येक संघात सात खेळाडू: दोन कथा, एक ललित, एक दीर्घलेख, एक कविता, एक व्यंगचित्र, आणि गोलरक्षक म्हणून संपादकीय. कथेसमोर कथा, लेखासमोर लेख अशा सहा झुंजी होतात. प्रत्येक मजकुराला वाचनासाठी चार मिनिटे मिळतात, व्यंगचित्र पडद्यावर मोठे करून दाखवतात. तिन्ही पंचांनी एकाच बाजूला कौल दिला तर गोल. दोघांनी दिला तर कॉर्नर, आणि दोन कॉर्नरचा एक गोल. ही वाटणी फार चांगली आहे. निसटता विजय आणि निर्विवाद विजय यांतला फरक फळ्यावर दिसतो, आणि एकट्या पंचाच्या आवडीनिवडीने सामना फिरत नाही.

संपादकीयाची कल्पना तर या स्पर्धेचा जीव आहे. सामन्याच्या आधी दोन्ही संपादकीये वाचली जातात. अंक असा का काढला, हे लेखक का निवडले, यातले काही त्यात असेल तर त्या संघाला एक बचाव मिळतो: समोरच्याचा एक कॉर्नर तो परतवू शकतो. लेखकांचे आभार, जाहिरातदारांचे आभार, दिवाळीच्या शुभेच्छा एवढेच असेल तर गोल मोकळा. आपल्याकडे संपादकीय हे पान उलटून पुढे जाण्याची जागा होऊन बसले आहे. इथे त्या एका पानावर सामना फिरतो, म्हणून लोक ते कान देऊन ऐकतात.

कार्डांचे नियमही विचार करून केलेले आहेत. वाचलेल्या उताऱ्यात मुद्रणदोष तीन झाले की पिवळे कार्ड. अनुक्रमणिकेत दिलेल्या पानावर मजकूर नसेल तरी पिवळे. दोन पिवळ्यांनी समोरच्याला एक कॉर्नर. लाल कार्ड एकाच गुन्ह्याला: आधी दुसरीकडे छापून आलेला मजकूर तसा उल्लेख न करता पुन्हा छापणे. तो खेळाडू बाहेर, संघ सहा जणांनिशी खेळतो. जाहिरातींना शिक्षा नाही, हेही योग्यच. त्यांच्यावाचून अंक निघत नाही. पण सामन्याआधी फळ्यावर मजकुराची पाने आणि जाहिरातींची पाने वेगवेगळी लिहिली जातात. २४० पानांतली ६० जाहिरातींची, हे आकड्यात दिसले की किमतीचा हिशेब वाचक आपणच करतो.

सोडत मात्र नीट समजून काढावी लागते. ‘हंस’ आणि ‘नवल’ या दोन्हींचा उगम अनंत अंतरकरांकडे, ‘मेनका’ आणि ‘माहेर’ एकाच घरातले. अशी भावंडे सोडतीच्या दोन वेगळ्या अर्ध्यांत टाकली की ती अंतिम सामन्याआधी भिडत नाहीत. ‘किस्त्रीम’चे नावच ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तिघांपासून बनले. तो एक संघ की तीन, हा प्रश्न गमतीने निघतो, पण एक पुठ्ठा म्हणजे एक संघ हे सूत्र सोपे आणि पक्के आहे. मुंबई-पुण्याचे काही अंक गोव्यात दिवाळी उलटल्यावर पोचतात. म्हणून सोडतीत दोन जागा रिकाम्या ठेवतात, त्या दुसऱ्या रविवारपर्यंत भरतात. चार जागा गोव्यात निघणाऱ्या अंकांना राखीव आहेत. त्या नसत्या तर पहिल्या फेरीतच गोव्याचे नाव उरले नसते असे नव्हे. पण इथला लेखक इथल्या लोकांसमोर वाचला जाणे हे या उपक्रमाचे कामच आहे.

गोवा लहान, लिहिणारे आणि पंच एकमेकांना ओळखणारच. त्यासाठी लेखकाचे नाव झाकून प्रत पंचांकडे जाते. आधी चिकटपट्टी लावत. ती काढताना गुळगुळीत कागदाची साल निघाली. आता जाड कागदाची पट्टी प्लॅस्टिकच्या क्लिपने अडकवतात. धातूची टाचणी नको, इथल्या दमट हवेत तिचा गंज पानावर उतरतो. ‘आवाज’सारख्या अंकातली खिडकीचित्रे, म्हणजे घडी उघडल्यावर आतले चित्र दिसणारी पाने, पंचांकडे पाठवूच नयेत. घडी पुन्हा पुन्हा उघडली की फाटते. ती एकदाच, पडद्यासमोर उघडावी. गोंदाने चिकटवलेला जाडजूड अंक कोरा असताना मधोमध उलटा दाबला तर कणा तडकतो आणि पाने सुटू लागतात. आधी दोन्ही टोकांकडून दहा-दहा पाने हळूहळू दाबत मध्यावर यावे. प्रती हाताळणाऱ्या मुलांना हे शिकवले आहे, आणि ते प्रतींवर दिसते.

आता मोठी त्रुटी. चार मिनिटांत मोठ्याने साडेचारशे-पाचशे शब्द होतात. कविता त्यात मावते, ललिताचा सूर लागतो, विनोदी कथेला दोनदा हशा मिळतो. दीर्घलेखाचे मात्र हाल. चौदा पानांच्या लेखाचा जोर त्याच्या रचनेत असतो: आधी माहिती, मग विरोधी बाजू, मग हळूच वळण. त्यातली चार मिनिटे म्हणजे भिंतीतली एक वीट काढून घर दाखवणे. खाणपट्ट्यातल्या पाण्यावरचा एक कसदार लेख अशाच झुंजीत पडला. मोठ्याने वाचणाऱ्याने सुरुवातीची दोन पाने वाचली, त्यात तालुके, विहिरी आणि वर्षे होती. समोर आजोळच्या पावसावर लिहिलेला हलकाफुलका लेख. दोन-एक असा कौल गेला, कॉर्नर गेला, आणि त्याच कॉर्नरवर अंक बाहेर पडला. ज्यांनी तो लेख पुरा वाचला आहे त्यांना हे जिव्हारी लागते.

नियमाप्रमाणे पंचांनी चौदाही मजकूर आधी पूर्ण वाचायचे आहेत. ते घडत नाही, कारण प्रत्येक अंकाची एकच प्रत असते आणि ती आठवड्यात तीन घरे फिरते. तिसऱ्या पंचाकडे शुक्रवारी रात्री पोचलेली प्रत रविवारपर्यंत चाळूनच होते. सरासरी ३५० रुपये किंमत धरली तर सोळा अंकांचा दुसरा संच ५,६०० रुपयांना पडतो, आणि लहान वाचनालयाला तो खर्च झेपणारा नाही. पण सगळा संच लागतोच कुठे? पहिल्या फेरीत फक्त दीर्घलेखाच्या तीन झेरॉक्स पंचांना द्याव्यात, आणि उरलेल्या आठ अंकांचीच दुसरी प्रत घ्यावी. झेरॉक्सचा खर्च सोडला तर २,८०० रुपयांत काम होते. शिवाय लेखाच्या झुंजीत वाचनाऐवजी पंचांपैकी एकाने लेखाची मांडणी चार मिनिटांत सांगावी, मग कौल घ्यावा.

वाचनाचा आवाज हा दुसरा प्रश्न. फोंड्याकडे हौशी रंगभूमीवर तयार झालेले गळे पुष्कळ. असा वाचक साध्या कथेतही प्राण फुंकतो. त्यावर आयोजकांनी उपाय केला आहे: अर्धवेळानंतर संघ बाजू बदलतात तसे वाचक अदलाबदल करतात. दोन कथा आणि व्यंगचित्र पूर्वार्धात, बाकी उत्तरार्धात, त्यामुळे तोल राहतो. बरोबरी झाल्यावरच्या पेनल्टीत मात्र हा नियम लागू नाही, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त हवा. प्रत्येकी पाच छोट्या कविता, सोळा ओळींच्या आत, आळीपाळीने. भजन-कीर्तनावर वाढलेल्या कानाला गेय कविता चटकन भिडते, मुक्तछंद गोलखांबाला लागून परततो. निदान एका पेनल्टीत दोन्ही संघांनी मुक्तछंदच उतरवावा, असा नियम करायला हरकत नाही. कविता न छापणाऱ्या विनोदी अंकांना वात्रटिका चालतात, ते ठीक.

प्रवेश सगळ्यांना खुला. पहिल्या तीन रांगांत बसावे. मागे पंख्याच्या आवाजात कवितेच्या ओळीचा शेवट विरतो. मध्यंतरात चहा आणि भाजी-पाव मिळतो, दहा मिनिटे त्याला कमी पडतात.

हरलेला अंक सोमवारी सकाळी देवघेवीच्या टेबलावर येतो, सात दिवसांसाठी घरी नेता येतो. जिंकलेला पुढच्या फेरीपर्यंत अडकून राहतो. सकस दीर्घलेखाचा अंक हवा असेल तर पहिल्या फेरीनंतरच्या सोमवारीच जावे. तो बहुधा टेबलावरच असतो.