बिऱ्हाड अडतीला घातलं: मोटरहोम कन्साइनमेंटवर विकण्याचा अनुभव

माझे वडील निफाडकडून कांदा घेऊन लासलगावला जायचे आणि संध्याकाळी पट्टी घेऊन घरी यायचे. पट्टी म्हणजे अडत्याने दिलेला हिशोबाचा कागद. वजन इतकं, भाव इतका, त्यातून हमाली, तोलाई, अडत वजा, हाती इतके. आई शेवटचा आकडा बघून कागद खाली ठेवायची. वडील मात्र मधल्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसायचे.

गेल्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, ॲरिझोनातल्या मेसा गावी, एका आरव्ही डीलरच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या विकणाऱ्याच्या, टेबलावर तशीच पट्टी माझ्यापुढे आली. मीही मधल्या ओळी वाचत बसले. आमचे हे बाहेर गाडीत एसी लावून बसले होते, कारण आत आले असते तर म्हणाले असते, "जाऊ दे, सही कर."

विकायचं होतं ते आमचं मोटरहोम, म्हणजे इंजिन लावलेलं चालतं घर. २०१४ चं मॉडेल, ३१ फूट लांब, क्लास सी. क्लास ए म्हणजे बससारखं सपाट तोंड, क्लास बी म्हणजे व्हॅन, आणि सी म्हणजे पुढे ट्रकचं तोंड व ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा एक पलंग. खाली फोर्डची ई-४५० चासी, व्ही-१० इंजिन, आणि गॅलनला जेमतेम आठ मैल. २०१७ साली एका खाजगी माणसाकडून आम्ही ते ५८,००० डॉलरला घेतलं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणून नाव ठेवलं 'बिऱ्हाड'. सात वर्षं वापरलं. मग यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. चालवायला काही अडचण नव्हती, पण मोटरहोमच्या छपरावर वर्षातून दोनदा तरी चढून सांधे तपासावे लागतात, चीर दिसली की सीलंट भरावं लागतं. पाणी एकदा भिंतीत शिरलं की प्लायवूड आतून कुजतो आणि बाहेरचा पत्रा फुगतो, मग त्या गाडीला कोणी विचारत नाही. इथल्या उन्हात ते सीलंट पापडासारखं तडकतं. शिडीवर चढणारं माणूस घरात उरलं नाही, तेव्हा विकायचं ठरलं.

स्वतः विकता आलं असतं, आणि खरं तर तिथे गिऱ्हाइकाचाही फायदा असतो. ॲरिझोनात खाजगी सौद्यावर विक्रीकर लागत नाही, डीलरकडून घेतलं की लागतो. पण आमच्या वसाहतीच्या नियमांत दारात मोटरहोम उभं करायला मनाई. ते महिना ११० डॉलर भाडं देऊन पंचवीस मिनिटांवरच्या एका यार्डात ठेवलेलं. दर गिऱ्हाइकाला घेऊन तिथे जायचं, अनोळखी माणसाच्या हाती ३१ फुटी धूड चालवायला द्यायचं, वर त्याने दिलेला कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेचा हमीचा चेक, खरा की खोटा हे बघत बँकेत बसायचं. सत्तरीच्या उंबरठ्यावर मला ते नको होतं.

दुसरी वाट रोख विक्रीची. एका डीलरने गाडीभोवती एक फेरी मारून २९,००० सांगितले. मी हसले, पण तो हसला नाही. दोष त्याचाही नाही. करोनाच्या काळात सगळ्या अमेरिकेला एकदम आरव्ही हवी झाली होती. २०२१ साली कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या आणि २०२३ पर्यंत तो आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. त्या तेजीत घेतलेल्यांपैकी बरेच जण आता विकायला निघालेत. सगळ्यांनी एकाच हंगामात कांदा लावला की काय होतं हे मला कोणी शिकवायला नको.

मग तिसरी वाट, कन्साइनमेंट. म्हणजे अडतच. माल तुमचा, मालकी तुमची, उभा त्याच्या आवारात, विकला गेला की तो आपलं कापून बाकी तुम्हाला देणार. फरक एवढाच की महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. इथे अजून ती विकणाऱ्याच्याच खिशातून जाते.

डीलरचं नाव देत नाही. दुकान मोठं आहे, शंभरेक गाड्या उभ्या असतात, कॉफी चांगली मिळते. आमच्या वाट्याला आलेला सेल्समन पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमच्या हातात किती हवेत ते सांगा. वरचं आमचं." ऐकायला किती सुटसुटीत! पण यात गाडी कितीला गेली हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुम्ही ३५ सांगितले आणि त्याने ४५ ला विकली, तर वरचे दहा त्याचे. आमच्याकडे याला रुमालाखालचा सौदा म्हणायचे, आणि तो बंद व्हायला पिढ्या गेल्या. मी टक्केवारी मागितली. दहा टक्के ठरले, शिवाय करारात लिहून घेतलं की खरेदीदाराने सही केलेल्या विक्रीच्या कागदाची प्रत आम्हाला मिळेल. त्याचा चेहरा थोडा उतरला, पण हो म्हणाला.

दुसरी गोष्ट टायटलची. टायटल म्हणजे मालकीचा कागद. ॲरिझोनात विकणाऱ्याने त्यावर नोटरीसमोर सही करायची असते. सेल्समन म्हणाला, आत्ताच करून ठेवा, खरेदीदाराचं नाव आम्ही नंतर भरू, तुम्हाला परत हेलपाटा नको. हे खिशातून पेन काढत होते. मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला. कोऱ्या कागदावर सही करायला मी काय वेडी आहे? टायटल घरच्या कपाटात राहिलं आणि विक्रीच्या दिवशी आम्ही जाऊन सही केली. तो हेलपाटा मला आनंदाने मान्य होता.

विमा मात्र आमचाच चालू ठेवावा लागला, महिना ९५ डॉलर. त्यांच्या आवारात कोणी धडकवली तर त्यांचा विमा, पण गारपीट, चोरी आणि बाकीचं आमच्याकडे. हे बारीक अक्षरात होतं. उलट यार्डाचं भाडं वाचलं, त्यामुळे तो हिशोब जवळपास फिटला.

ऑक्टोबरच्या मध्याला बिऱ्हाड तिथे नेऊन लावलं. वेळ चांगली होती असं मला अजूनही वाटतं. थंडी सुरू झाली की मिनेसोटा, डकोटा आणि कॅनडातले पेन्शनर इकडे उतरतात, जानेवारीत क्वार्टझसाइट गावाच्या वाळवंटात आरव्हीवाल्यांची जत्राच भरते, आणि एप्रिलमध्ये हे सगळे पाखरांसारखे परत जातात. उन्हाळ्यात ११५ डिग्री फॅरनहाइटमध्ये कोणी मोटरहोमची शिडी चढून बघत नाही. किंमत लावली ४९,९००. जे. डी. पॉवरच्या दरपुस्तकातल्या आकड्यापेक्षा ती जास्त होती, हे सेल्समननेही सांगितलं आणि मलाही ठाऊक होतं. पण खाली यायला जागा हवी ना.

आता वासाबद्दल.

नेऊन लावल्यावर चौथ्या दिवशी सेल्समनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, आत थोडासा 'स्वयंपाकाचा वास' आहे, गिऱ्हाइकांच्या लक्षात येतो. मी म्हटलं, स्वयंपाकघर आहे त्यात, स्वयंपाक केलाय. सात वर्षं आम्ही ग्रँड कॅन्यनपासून यलोस्टोनपर्यंत कुठेही गेलो तरी संध्याकाळी कुकरच्या तीन शिट्ट्या आणि वरणाला हिंगाची फोडणी ठरलेली. एकदा झायनच्या कॅम्पग्राउंडवर शिट्टी ऐकून शेजारचा माणूस धावत आला होता, त्याला वाटलं गॅसच्या टाकीचं काही झालं. हिंग कापडात शिरतो हे मान्य, पण त्याच आवारात शेजारी उभ्या गाडीला ओल्या कुत्र्याचा वास येत होता आणि तिच्या जाहिरातीत 'पाळीव प्राण्यांसाठी सोयीची' असं लिहिलेलं! वास घालवायला ओझोन मशीन लावायचे १५० डॉलर. द्यावे लागले.

खरा मनस्ताप बॅटऱ्यांचा. मोटरहोममध्ये इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. गाडी नुसती उभी असली तरी गॅसगळतीचा अलार्म वगैरे घराच्या बॅटऱ्या हळूहळू खातच असतात. म्हणून एकतर बाहेरून वीज जोडून ठेवायची, नाहीतर बॅटरीचा खटका बंद करायचा. मी जाताना दारात मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावून आले होते. कोणी वाचली नाही. डिसेंबरात आम्ही सहज बघायला गेलो तर स्लाइडआउट, म्हणजे बटण दाबल्यावर बाहेर सरकणारी बैठकीची भिंत, जागची हलेना. दिवे मंद. त्या आठवड्यात दोन जोडपी बघून गेली आणि अंधारातच परत गेली, हे तिथल्या साफसफाईच्या पोराने सांगितलं, सेल्समनने नाही. वर छपरावरची खिडकी उघडी राहिलेली आणि आदल्या रात्री पाऊस पडलेला. गादीचा एक कोपरा ओला. यांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. गादी त्यांनी वाळवून दिली, पण दोन नव्या बॅटऱ्यांचे ३८० आमच्याच खाती टाकले. 'झीज' म्हणे.

त्यानंतर मी दर गुरुवारी जाऊ लागले. डबा घेऊन जायचे, आतच बसून खायचे. खिडक्या, खटका, टायरची हवा बघायचे, जनरेटर अर्धा तास चालवायचे. सेल्समनला ते आवडत नसे. पण गाडी तोपर्यंत माझीच होती.

गिऱ्हाईक फेब्रुवारीअखेर आलं. मिनेसोटाचं निवृत्त जोडपं, दोघंही उंचेपुरे, मोजकं बोलणारे. त्यांनी शहाणपणा केला, स्वतःचा तपासनीस आणला. तो माणूस बघायला मला इतका आवडला की मी पाच तास तिथेच थांबले. ओल मोजायचं यंत्र घेऊन त्याने प्रत्येक कोपरा टोचला, आणि यांनी सात वर्षं शिडी चढल्याचं तिथे सार्थक झालं, सगळे कोपरे कोरडे. फ्रीज त्याने आधी विजेवर, मग गॅसवर चालवून पाहिला. मग टायरपाशी गुडघ्यावर बसला. टायरच्या कडेला डॉटचा, म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याचा, लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. आमचा १४१७, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. नक्षी नव्यासारखी होती, पण मोटरहोमचा टायर झिजून नाही, वयाने मरतो. सात वर्षांचे सहा टायर या उन्हात भरवशाचे नाहीत, असं त्याने लिहून दिलं. बरोबरच होतं. जुनं मोटरहोम घेणाऱ्यांनी निदान हे चार आकडे तरी वाकून वाचावेत. डीलरच्या जाहिरातीत 'टायर उत्तम' असं लिहिलेलं होतं.

सौदा ४२,५०० ला ठरला, टायरपोटी ९०० आम्ही सोडले. ८ मार्चला नोटरीसमोर सही केली. डॅशबोर्डवरचा गणपती मी ऑक्टोबरातच काढून आणला होता, त्याच्या चुंबकाचा गोल डाग तेवढा तिथेच राहिला.

आणि मग चेक येईना. करारात लिहिलेलं, दहा कामाचे दिवस. अकराव्या दिवशी फोन केला, तर खरेदीदाराच्या बँकेचं कर्ज अजून जमा व्हायचंय म्हणाले. चौदाव्या दिवशी तिथल्या हिशोबाच्या बाई रजेवर होत्या. कन्साइनमेंटमध्ये भीती वाटावी अशी जागा हीच. गाडी गेली, टायटल गेलं, पैसे त्याच्या खात्यात आणि आपल्या हातात कागद. गाडीवर कर्ज असेल तर आणखी वाईट, हप्ते आपल्याच नावावर चालू राहतात. एकविसाव्या दिवशी कराराची प्रत घेऊन मी तिथे खुर्चीत जाऊन बसले. आवाज चढवला नाही. डबा नेला होता. दुपारी मॅनेजर स्वतः आला आणि पुढच्या आठवड्याची तारीख लिहून दिली. सव्विसाव्या दिवशी पट्टी आणि चेक दोन्ही मिळाले.

मधल्या ओळी अशा: विक्री ४२,५००. अडत ४,२५०. धुलाई-सफाई ४५०. ओझोन १५०. बॅटऱ्या ३८०. टायर ९००. हाती ३६,३७०. रोखवाल्याच्या २९,००० पेक्षा सात हजारांवर जास्त, त्यामुळे कन्साइनमेंट चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ते सात हजार त्याने कमावून दिले की माझ्या गुरुवारांनी, यावर आमच्या घरी एकमत नाही.

या दुकानाला पाचपैकी तीन तारे. एक कापला बॅटऱ्यांचा, एक चेकच्या उशिराचा. वासाचाही अर्धा कापणार होते, पण परवा यांनी हळूच सांगितलं की वास खरंच येत होता.