बिलात नवे, इंजिनात जुनेच: ट्रॅक्टरच्या कनेक्टिंग बोल्टची फसवणूक

जालना जिल्ह्यातला एका शेतकऱ्याचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर. वैशाखात इंजिन बांधलं. बिलावर लिहिलेलं, ‘कनेक्टिंग बोल्ट नवे, ६ नग’. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडची खालची कॅप आवळून धरणारे हे बोल्ट. पेरणीआधी रोटाव्हेटर जोडला, चाळीसेक तास काम झालं आणि मधल्या सिलिंडरच्या रॉडनं ब्लॉकला खिडकी, म्हणजे मोठं भोक पाडलं. ब्लॉक, रॉड, लायनर, पिस्टन भंगारात, क्रँकही गेला. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं : ऑइल कमी होतं, ड्रायव्हरनं रेस जास्त दिली.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोलल्यावर तुटलेला बोल्ट सापडला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषांचा. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार. म्हणजे तडा हळूहळू वाढत गेला आणि राहिलेला भाग शेवटी एका झटक्यात तुटला. पण एवढ्यावरून बोल्ट जुना ठरत नाही, ढिला बसवलेला नवा बोल्टही असाच तुटतो. खरा पुरावा उरलेल्या पाच बोल्टांवर होता. आट्यांच्या तळाशी गंज, त्याच्यावर चंदेरी स्प्रे. डोक्याचे कोपरे पान्यानं आधीच गोल झालेले. पाचांची लांबी एकसारखी नाही. दोन तर नव्या बोल्टपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त भरले.

आता ही लांबी का वाढते? बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, आणि त्या ताणानंच रॉडची कॅप धरून ठेवतो. ठरलेल्या मर्यादेत ताणला तर सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली की लांबच राहतो, मधे बारीक होतो, आणि पुन्हा आवळला तरी पूर्ण पकड येईल याचा भरवसा राहत नाही. फोर स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट संपताना पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला थोपवायला वर दाब नसतो. सगळी ओढ बोल्टांवर येते. २००० आरपीएमला हे मिनिटाला हजार वेळा, तासाला साठ हजार वेळा घडतं. पकड पक्की असेल तर यातली थोडीच ओढ बोल्टला जाणवते. ढिला असेल तर प्रत्येक हिसका त्याच्यावरच.

चंदेरी स्प्रे हा त्यातल्या त्यात भोळा प्रकार. रॉकेलनं धुतलं, वायर ब्रश मारला, रंग दिला. नखानं खरवडलं तरी कळतं. दुसरा प्रकार जास्त वाईट : गंजलेला बोल्ट ॲसिडमध्ये बुडवून झिंकचं नवं प्लेटिंग. ॲसिड आणि प्लेटिंग या दोन्हींत हायड्रोजन पोलादात शिरतो. १२.९ सारख्या (डोक्यावरचा हा आकडा म्हणजे ताकदीचा ग्रेड) कडक बोल्टला प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भाजावं लागतं. जुन्या मालाला नवं रूप देणारा तेवढा खर्च कशाला करील? असा बोल्ट आवळल्यावर तासांनी किंवा दिवसांनी, इंजिन बंद असतानाही तडकू शकतो. तिसरा प्रकार हार्डवेअर दुकानातला ८.८ चा बोल्ट १०.९ च्या जागी. १०.९ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद १००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि कायमचं ताणलं जाण्याची मर्यादा त्याच्या ९० टक्के, म्हणजे ९००. ८.८ मध्ये हेच आकडे ८०० आणि ६४०. त्याला १०.९ चा टॉर्क, म्हणजे आवळायचा ठरलेला जोर, दिला तर तो बसवतानाच मर्यादेपलीकडे जाण्याचा धोका असतो.

म्हणून इंजिन खोलतानाच हजर राहा. तीन सिलिंडरला कनेक्टिंगचे ६ बोल्ट. जुने सहाच्या सहा परत मागून घरी न्या. हे जमलं तर अर्धी फसवणूक तिथंच थांबते. नवे सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढायला लावा, बिलावर पार्ट नंबर आणि नग लिहून घ्या. डोक्यावर ग्रेड आणि कंपनीची खूण हवी. सहाही सपाट काचेवर उभे केले की उंचीतला फरक दिसतो. व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या पट्टीनं) बोल्टच्या दांड्याची जाडी तीन ठिकाणी मोजा. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मधेच अडला तर आटे ताणलेले किंवा प्लेटिंग जाड. आवळणं टॉर्क पान्यानंच, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तसं, कोरडं की ऑइल लावून. लावलेल्या जोराचा सुमारे दहावा भागच पकडीत उतरतो, बाकी घर्षणात जातो. म्हणून ऑइलनं हिशोब बराच बदलतो.

सगळेच जुने बोल्ट टाकायचे असं नाही. चेंबर, टायमिंग कव्हर, रॉकर कव्हरचे आटे चांगले असतील तर खुशाल वापरा. मिस्त्रीवर उगाच संशयही नको. चांगले मिस्त्री हे सगळं न सांगता करतात. हेडचे बोल्ट टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचे असतील, तर मॅन्युअल पुन्हा वापरायला स्पष्ट परवानगी देत नसेल तोवर नवेच घ्या. स्प्लिट पिन आणि टॅब वॉशर दरवेळी नवे.

बोल्ट तुटलाच तर तोंड घासू नका, दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून पाहू नका. हलकं ऑइल लावून वेगवेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, आधी फोटो काढा. बिल आणि तुकडे हाती असतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.