विजापूर रस्त्यालगतचा फ्लॅट की जुळे सोलापुरातील आतली गल्ली? लहान मुले असलेल्या घरासाठी तुलना

सोलापुरात घर पाहताना पाणी किती दिवसांआड येते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु घरात सात-आठ वर्षांचे मूल असेल, त्यातही थंडीत त्याची छाती वाजत असेल, तर मुलाच्या झोपण्याच्या खोलीपासून मोठा रस्ता किती मीटरवर आहे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. येथे दोन पर्याय गृहीत धरले आहेत. पहिला, विजापूर रस्त्यालगत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जेथून शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. दुसरा, जुळे सोलापुरात मोठ्या रस्त्यापासून सुमारे चारशे मीटर आत असलेले घर, जेथून शाळेसाठी रिक्षा लावावी लागेल.

वाहनांच्या धुरातील काजळी, अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतात आणि पहिल्या दीडशे-दोनशे मीटरांतच बरेच विरळ होतात. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरांचा पट्टा सर्वाधिक बाधित ठरवला आणि या धुराने मुलांचा दमा बळावतो, असे मानण्यास पुरेसा पुरावा असल्याचे नोंदवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांची आठ वर्षे तपासणी करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटरपलीकडे राहणाऱ्या मुलांपेक्षा कमी आढळली. तेथील महामार्गांवरची वर्दळ आपल्याहून कितीतरी मोठी असल्याने ते निष्कर्ष विजापूर रस्त्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात, या दोन गोष्टी येथेही तितक्याच खऱ्या आहेत.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या निर्देशांकावरून या दोन घरांत निवड करता येणार नाही. तो आकडा शहरातील मोजक्या केंद्रांवरून येतो आणि पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, शहरभर पसरलेले असतात, त्यामुळे दोन गल्ल्यांतला फरक त्यात दिसत नाही. या कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ सुचवली. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा ठरलेल्या मर्यादेत नसलेल्या शहरांच्या, यादीत सोलापूरचे नाव आहेच, त्यामुळे आतल्या गल्लीतही हवा निर्मळ मिळेल, असे समजू नये. फरक पडतो तो काजळीत, आणि तो पाहायला यंत्र लागत नाही. दोन्ही घरांच्या गॅलरीचा कठडा ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा. रस्त्याकडच्या कठड्यावरून बहुधा काळा, चिकट थर निघतो, जो साबणानेही नीट जात नाही; आतल्या गल्लीत निघते ती तांबूस माती, जी एका धुण्यात जाते.

दुसरा मजला असल्याने धूर वर पोहोचत नाही, हा घर दाखवणाऱ्या एजंटाचा युक्तिवाद फारसा मनावर घेऊ नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट कूलरची आहे. रस्त्याकडची खिडकी सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी लावून घेता येईल, पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर त्याच खिडकीत बसवलेला कूलर रात्रभर बाहेरची हवा आत ओढतो, आणि त्याच्या ओल्या जाळ्या जाडी धूळ अडवत असल्या तरी अतिसूक्ष्म कण व वायू अडवत नाहीत. रस्त्यालगतचा फ्लॅट घ्यायचाच असेल, तर मुलाची खोली आणि कूलर दोन्ही मागच्या बाजूला बसतात का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आतल्या घराची उणी बाजू म्हणजे रिक्षा. दहा मुले कोंबलेली, दोन्ही बाजूंनी उघडी रिक्षा ‘सात रस्ता’ चौकाच्या सिग्नलला बसच्या मागे उभी राहते, तेव्हा मुलाचे तोंड जवळपास समोरच्या सायलेन्सरच्या उंचीवर असते, आणि ही काही मिनिटे दिवसातील सर्वांत वाईट हवेची असू शकतात. तरीही हिशेब मांडला, तर रोजचा चाळीस मिनिटांचा प्रवास एकीकडे आणि घरात झोपेचे नऊ-दहा तास दुसरीकडे असे चित्र दिसते. म्हणून माझा कल आतल्या घराकडे आहे, आणि मूल दम्याचे असेल तर निःसंशय. रिक्षावाल्या काकांना दोन मिनिटे जास्त लागली तरी आतल्या गल्ल्यांतून न्यायला सांगता येते. घराची जागा मात्र हलवता येत नाही.

एका परिस्थितीत हे मत उलटते. जुळे सोलापुरात मोकळे प्लॉट आहेत आणि त्यांवर कचरा पेटवला जात असेल, तर वाहनांपासून लांब राहून मिळवलेला फायदा त्या धुरात जातो. तेव्हा आतले घर दुपारी एकदा पाहून ठरवू नये. थंडीतल्या एखाद्या संध्याकाळी सातनंतर, वारा पडलेला असताना, शेजारच्या प्लॉटपर्यंत चालत जावे आणि जमिनीवर राखेचे काळे डाग आहेत का, ते पाहावे.