आयकॉन आणि चित्रांसाठी वेबपॅक ५ की व्हीट?

नौपाड्यातल्या एका क्लासची साइट वेबपॅकमध्ये बांधू की व्हीटमध्ये, असं भाचा विचारत होता. दोन्ही साइटचा कोड आणि फाइली जोडून तयार साइट बनवणारी साधनं. फेविकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह) आणि चित्रांपुरतंच सांगतो.

मेहनत व्हीटमध्ये कमी. फेविकॉन 'पब्लिक' फोल्डरात टाका, बिल्डमध्ये, म्हणजे तयार साइटमध्ये, जसाच्या तसा उतरतो. वेबपॅकला एचटीएमएल किंवा कॉपी प्लगइन जोडावं लागतं, शिवाय चित्रं कशी हाताळायची ते सांगणारा 'अ‍ॅसेट'चा नियम.

कॅशेकडे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतीकडे) मात्र नीट बघा. 'पब्लिक'मधल्या फाइलच्या नावाला हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारी अक्षरांची खूण, लागत नाही. लोगो बदलला तरी ब्राउझर जुनाच दाखवत बसू शकतो. म्हणून लोगो इम्पोर्टच करावा, म्हणजे कोडातून मागवावा; मग नावाला हॅश लागतो. वेबपॅकही इम्पोर्ट केलेल्या चित्राला हॅश देतो.

बारीक चित्रं दोघंही कोडात कोंबतात: वेबपॅकचा 'अ‍ॅसेट' प्रकार साधारण ८ केबीपर्यंत, व्हीट ४. मर्यादा बदलता येते, त्यावर डोकं खपवू नका.

नवी, छोटी साइट असेल तर व्हीट. ऐरोलीच्या ऑफिसातला जुना, लोडरांनी (वेबपॅकला फाइली वाचून देणाऱ्या जोडण्यांनी) लगडलेला प्रोजेक्ट असेल, तर वेबपॅकच राहू दे.