पावसाळ्यात तीन महिने टिकलेल्या तारा : एलिक्सर ऑप्टिवेब १०-४६

परवा एलिक्सरच्या या गिटारच्या तारांचा नववा सेट चढवला. पहिला जून २०२२ मध्ये चढवला होता. एवढे पावसाळे काढल्यावर आता लिहायला हरकत नाही.

मी चिपळूणचा. दिवसा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात लीड गिटार. गणपती, नवरात्र, हळदी, देवळांच्या जत्रा. गिटार इलेक्ट्रिक, स्क्वायरची स्ट्रॅट. आमचा खरा हंगाम सुरू होतो तेव्हा पाऊस गेलेला नसतो. मांडवाला ताडपत्री, खाली चिखल, डोक्यावर हॅलोजन आणि हाताला घाम. अशा हवेत गिटारच्या तारांचं काय होतं ते कोरड्या गावात राहणाऱ्याला सांगून पटत नाही.

आधी मी साध्या निकेलच्या ९-४२ वापरायचो (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). आवाज सुंदर, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण जुलै-ऑगस्टमध्ये पंधराव्या दिवशी पहिल्या तारेवर तांबूस ठिपके यायचे आणि बोट सरकवलं की करकर लागायची. वाजवून झाल्यावर बोटांची टोकं काळी. जाड तारांचं दुखणं वेगळं. वरून त्या चकचकीत दिसतात, पण गुंडाळीच्या वेढ्यांमध्ये घाम आणि मळ बसतो. तार जड होते, आवाज मातकट येतो, आणि मोकळी तार सुरात असली तरी बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) स्वर इकडेतिकडे होतो. ट्युनर बरोबर दाखवतो आणि कान मानत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं तेव्हा गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली. पण घर ओलं होतं ते कित्येक दिवस. चिखल उपसण्यातून सवड मिळाल्यावर बॅग उघडली, तर सहाही तारा विटकरी रंगाच्या झाल्या होत्या. त्या काढताना हाताला लागलेला गंजाचा वास अजून आठवतो.

त्यानंतर मी कोटेड, म्हणजे लेप दिलेल्या तारांची चौकशी सुरू केली. एलिक्सर बनवते ती डब्ल्यू. एल. गोअर ही अमेरिकन कंपनी. गोअर-टेक्सचे पाणी न शिरणारे जॅकेट ज्या कापडाचे होतात, ते कापड यांचंच. पाण्याशी झुंजण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या तारा कोकणात चालायला हव्यात, असा माझा साधा हिशोब होता. त्यांचे लेप तीन प्रकारचे. पॉलिवेब सगळ्यात जुना आणि गुळगुळीत, नॅनोवेब त्याहून पातळ, आणि ऑप्टिवेब हाताला जवळजवळ साध्या तारेसारखा. लेप असतो तो गुंडाळलेल्या तीन जाड तारांवर, वेढ्यांच्या फटीही झाकणारा. वरच्या तीन बारीक तारांना गंजरोधक मुलामा असतो. मला बेंडिंग खूप लागतं, लावणीत तर तार ओढल्याशिवाय काम होत नाही, म्हणून हाताखाली घसरणारी तार नको होती. ऑप्टिवेब घेतल्या.

त्याच वेळी ९ वरून १० वर गेलो. इथे नवीन मुलं फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सेट बदलला म्हणजे फक्त सहा तारा बदलल्या असं होत नाही. ९-४२ च्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३८-३९ किलो, १०-४६ चा ४६-४७ किलो. म्हणजे आठ किलोचं ओझं गिटारवर एकदम वाढलं. स्ट्रॅटचा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात तो भाग, मागच्या स्प्रिंगांच्या जोरावर बसलेला असतो. तारांचा ताण वाढला की तो पुढे कलतो, मागून उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. मागचं प्लास्टिकचं झाकण उघडायचं, स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकवल्या आहेत त्याचे दोन लांब स्क्रू थोडे थोडे आत घ्यायचे, परत सूर लावायचा, परत बघायचं. मला अर्धा तास लागला. मग नेक, म्हणजे गिटारची मान.

नेकचा बाक मी वर्कशॉपमधल्यासारख्याच फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातींनी मोजतो. इंजिनाच्या टॅपेट सेटिंगला जो वापरतो तोच, गिटारसाठी घरी वेगळा ठेवलाय. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोटाने जाड तार दाबायची आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजायची. स्ट्रॅटला ०.२५ मिलिमीटर हवी. दोन हात कमी पडतात, म्हणून पात घालायला मुलीला बसवतो.

"बाबा, जातंय."

"सहज जातंय की घासून?"

"सहज. अजून एक घालू?"

०.४० ची पात गेली. म्हणजे नवीन ताणाने नेक पुढे ओढला गेला होता. नेकच्या आतल्या सळईला, म्हणजे ट्रस रॉडला, ॲलन की लावून उजवीकडे पाव फेरा दिला, फक्त पाव, आणि गिटार रात्रभर तशीच ठेवली. लाकूड लगेच बसत नाही. सकाळी कामावर जायच्या आधी तिने परत पात घातली आणि म्हणाली, "आता तार उचलायला बघतेय." ०.२५ बरोबर बसली होती. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिलिमीटर, आणि सगळ्यात शेवटी सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागेपुढे करून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर बरोबर आणणं. हा क्रम सोडू नका. नेक राहिला बाजूला आणि आधी सॅडल फिरवत बसलात तर सगळं दोनदा करावं लागतं.

तारा निघालेल्या असतात तेव्हाच फिंगरबोर्ड पुसून घ्यावा. माझ्या गिटारचा बोर्ड 'इंडियन लॉरेल'चा आहे. हे नाव मी आमच्या सुतारकाकांना दाखवलं तर त्यांनी लाकडावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा तर ऐन!" ज्या ऐनाचे वासे आमच्या जुन्या घराला आहेत, त्याच्यावर मी रोज बोटं चालवतो हे कळल्यावर त्या पट्टीकडे बघायची माझी नजरच बदलली. ऐन असो की शिसव, वर्षातून दोनदा फिंगरबोर्डच्या लेमन ऑइलचे चार थेंब फडक्यावर घ्यायचे, पुसायचं, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं उचलून घ्यायचं. घरातलं खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि चिकटा धरतं. आणि मेपलचा पॉलिश केलेला बोर्ड असेल तर तेल अजिबात नको, ओलसर फडकं पुरे.

आता तारांबद्दल. पहिल्या दिवशी आवाज साध्या नव्या तारांपेक्षा किंचित कमी चमकतो. शेजारी शेजारी दोन गिटारी ठेवून ऐकलं तर कळेल, मांडवात कळणार नाही. पण साधी तार चौथ्या-पाचव्या कार्यक्रमात उतरायला लागते, आणि ही महिनाभर पहिल्या दिवसासारखीच वाजते. दीड महिन्यानंतर थोडी मऊ होते. पावसात मला एक सेट जवळजवळ तीन महिने जातो, आणि बोटं काळी होत नाहीत. हे कसं टिकलं तेही सांगतो. प्रत्येक कार्यक्रमानंतर, गाडीत बसायच्या आधी, जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसतो. खालची बाजू सगळे विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या असतात.

बारीक तीन तारांकडून मात्र जाड तारांएवढी अपेक्षा ठेवू नका. मुलामा असला तरी त्या आधी थकतात. कुठल्याही कोटेड तारेचा लेप पिक लागतो तिथे कालांतराने झिजतो, बारीक तूस दिसायला लागतं. आवाजाला त्याने काही होत नाही, ते नखाने सोलत बसू नये.

आणि तार तुटली की दर वेळी दोष तारेला देऊ नका. २०२१ च्या नवरात्रात, साध्या तारा असताना, सलग दोन कार्यक्रमांत माझी पहिली तार ऐन रंगात आलेल्या गाण्यात तुटली. दोन्ही वेळा सॅडलवर, एकाच जागी. भिंगाखाली बघितलं तर सॅडलच्या खाचेत गंजून एक बारीक कंगोरा उठला होता. १००० नंबरच्या वॉटर पेपरची सुरळी करून तो घासला, त्या जागी पेन्सिलचं शिसं लावलं. त्यानंतर तिथे तार तुटली नाही. नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या नटच्या खाचांनाही तेच शिसं लावतो. तार ओढून सोडली की टक् असा आवाज येऊन सूर जागेवर येत नसेल, तर ती तार नटमध्ये अडकते असं समजा.

एका दुकानात मी गिटार फक्त केबल लावायच्या जॅकच्या खरखरीसाठी दिली होती. त्यांनी जॅकचा बाहेरचा नट पान्याने आवळून परत दिली. आतला जॅक हाताने न धरता नट फिरवला की अख्खा जॅक फिरतो आणि आतल्या वायरीला पीळ बसतो. त्याच रात्री स्टेजवर सोल्डर सुटलं आणि मी अर्धा कार्यक्रम मुक्याने उभा राहिलो. त्या रात्री खूप वाईट वाटलं होतं. जॅकची प्लेट दोन स्क्रूंनी निघते, आत बोट घालून जॅक धरायचा आणि मग आवळायचा, एवढंच काम. व्हॉल्यूमचा पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे गॅरेजमध्येच राहू दे.

किंमत मला साध्या सेटच्या दुपटीहून जास्त पडते. चार महिन्यांच्या हंगामात साध्या तारांचे मला सात-आठ सेट लागायचे, याचे दोन लागतात. पैसे वाचतात, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी घाईत तारा बदलत बसावं लागत नाही. ज्यांना नव्या तारेचा तो पहिल्या दोन दिवसांचा झणझणीतपणाच हवा असतो, किंवा जे रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी सेट बदलतातच, त्यांनी साध्याच घ्याव्यात. वाई-सातारकडच्या कोरड्या हवेत घरी बसून वाजवणाऱ्यालाही गरज नाही. समुद्राकाठच्या आणि घाटाखालच्या, घामट हाताच्या गिटारवाल्यांनी मात्र एक सेट घेऊन बघाच. घेताना आधीच्याच मापाचा घ्या, म्हणजे स्प्रिंगा आणि ट्रस रॉड उघडायला लागणार नाहीत.

जुन्या सेटमधली एक धड पहिली तार मी गुंडाळून बॅगेच्या कप्प्यात ठेवतो. परवा काढलेल्या सेटमधलीही ठेवलीय, चिठ्ठीवर तारीख टाकून.