हेडलाइट उजळवण्याचे घरगुती किट: खरी परीक्षा शेवटच्या थराची

पिवळे पडलेले हेडलाइट घरच्या घरी स्वच्छ करण्यासाठी जी किट मिळतात, त्यांपैकी हाताने वापरायच्या एका किटबद्दल हे परीक्षण आहे. खोक्यात 600, 1000, 2000 आणि 3000 नंबरचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक), पॉलिशची लहान ट्यूब, मास्किंग टेपचे रीळ, अल्कोहोलमध्ये भिजवलेला फडक्याचा तुकडा आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणाऱ्या लेपाचे एक पाकीट येते. जाहिरातीतील छायाचित्रे पॉलिशची चमक दाखवतात. पण असे कोणतेही किट घ्यावे की नाही, हे माझ्या मते त्या शेवटच्या पाकिटावरून ठरवावे.

त्याचे कारण हेडलाइटच्या घडणीतच आहे. 1980च्या दशकापासून मोटारींच्या हेडलाइटसाठी खऱ्या काचेऐवजी पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक वापरले जाऊ लागले; बोलताना आपण त्याला काचच म्हणतो. ते वजनाला हलके असते, हव्या त्या आकारात ओतता येते आणि उडालेला खडा लागला तरी सहजासहजी फुटत नाही. मात्र उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्याच्या बाहेरच्या अंगावर एक कठीण, पारदर्शक लेप चढवलेला असतो. ऊन, धूळ आणि रस्त्यावरून उडणारी बारीक कच यांनी हा लेप झिजला, की खालचे प्लास्टिक उघडे पडते, ऑक्सिजनशी संयोग होऊन पिवळे होते आणि त्यावर सूक्ष्म भेगांचे जाळे पसरते. बहुतेक गाड्यांमध्ये आकाशाकडे तोंड असलेला वरचा भाग आधी खराब होतो, तो याचमुळे. हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने 2018 मध्ये केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की खराब झालेल्या हेडलाइटचा प्रकाश नव्याच्या अवघ्या 20 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, आणि घासून-पॉलिश करून तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत परत मिळवता येतो. शिवाय धुरकट काचेतून जो प्रकाश बाहेर पडतो, तोही विखुरलेला असतो. त्यामुळे आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात.

किट विकत घेण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी, असा माझा आग्रह आहे. हेडलाइट धुऊन त्यावर पाणी ओतावे आणि ओला असतानाच तो नीट पाहावा. पाण्याने बाहेरचे सूक्ष्म ओरखडे भरून निघतात, त्यामुळे दोष बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर काच तेवढ्यापुरती बरीच स्वच्छ दिसते, आणि अशा हेडलाइटला या किटचा निश्चित उपयोग होतो. ओली असतानाही ती तितकीच धुरकट दिसत असेल, तर दोष आतल्या बाजूला आहे किंवा भेगा खोलवर गेल्या आहेत असे समजावे. तेथे बाहेरून कितीही घासले तरी फरक पडणार नाही.

आता किटच्या कामाविषयी. यातले वॉटर पेपर खरोखर चांगले आहेत. पाण्यात भिजवल्यावर ते मऊ होतात, काचेच्या वळणाप्रमाणे वळतात आणि त्यांचे दाणे लवकर सुटत नाहीत. टेप लावताना कंजुषी करू नये. बॉनेटच्या आणि बंपरच्या कडेवर दुहेरी पट्टी हवी, कारण 600 नंबरचा पेपर एकदा जरी घसरला तरी रंगावर कायमचा ओरखडा उमटतो. पहिल्या पेपराने घासू लागताच पिवळसर, दाट पाणी खाली ओघळू लागते. ते पाणी पांढरे होईपर्यंत थांबू नये, कारण पिवळेपणा म्हणजे खराब झालेला थर अजून उरला असल्याची खूण असते. या टप्प्यावर हेडलाइट पुसून, कोरडा करून तिरप्या उजेडात पाहिला तर जुना लेप कोठे शिल्लक आहे ते स्पष्ट दिसते: घासलेला भाग एकसारखा मंद पांढरा असतो आणि राहिलेला लेप त्यात वेड्यावाकड्या कडांच्या बेटांसारखा चमकत असतो. ही बेटे तशीच सोडून पुढे गेल्यास पॉलिशनंतर त्यांच्या कडा उठून दिसतात. संपूर्ण काच न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेसारखी झालेली पाहून अनेक जण घाबरतात आणि घाईने पॉलिशकडे वळतात. प्रत्यक्षात काम बरोबर चालल्याचे ते लक्षण आहे.

पुढचा प्रत्येक पेपर आधीच्या पेपराच्या आडव्या दिशेने फिरवावा. म्हणजे 600 नंबरच्या उभ्या रेघा 1000 नंबरने पूर्ण गेल्या की नाहीत, हे डोळ्यांना लगेच कळते. पेपर बदलताना हेडलाइट आणि हात दोन्ही धुवावेत, कारण जाड पेपराचा एक सुटा दाणा पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. 600 वरून थेट 1000 वर जाणे चालते, पण मला येथे 800 नंबरच्या पेपराची उणीव जाणवली; तो असता तर पुढच्या टप्प्यात हात कमी दुखले असते. 3000 नंबरनंतर काच जवळजवळ पारदर्शक होते आणि पॉलिशने उरलेला धुरकटपणा जातो. पॉलिशविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे नाही. कोणतेही बरे रबिंग कंपाउंड हे काम करील.

खरी जपणूक लागते ती लेपाच्या वेळी. घासताना आपण पिवळेपणाबरोबर कारखान्याचा उरलासुरला संरक्षक लेपही काढून टाकलेला असतो, त्यामुळे चमकदार दिसणारा हेडलाइट त्या क्षणी आधीपेक्षा अधिक असुरक्षित असतो. नवा लेप न लावता गाडी उन्हात उभी केली, तर काही महिन्यांतच पिवळेपणा परत येतो. लेपापूर्वी पॉलिशचा तेलकट अंश अल्कोहोलने पूर्ण पुसावा. त्यासाठी ॲसिटोन किंवा थिनर कधीही वापरू नये, कारण त्याने पॉलिकार्बोनेटला भेगा जातात. या किटचा लेप पातळ असून लवकर सुकू लागतो. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग ओढायचा असतो आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर किंचित चढवायचा असतो. मागे राहिलेली जागा दिसली म्हणून अर्धवट सुकलेल्या भागावर पुन्हा हात फिरवला, तर तेथे ओढल्याच्या सुरकुत्या पडतात आणि त्या पुन्हा घासल्याशिवाय जात नाहीत. हे काम सावलीत, धूळ नसलेल्या जागी करावे आणि त्यानंतर किमान एक दिवस गाडी पाऊस व दव यांपासून दूर ठेवावी.

माझी मुख्य तक्रार येथेच आहे. किटमध्ये पॉलिश भरपूर दिले आहे, पण लेप दोन लहान हेडलाइटना जेमतेम पुरेल इतकाच आहे. हेडलाइट मोठे असतील तर दुसऱ्या बाजूला थर विरळ बसतो. माहितीपत्रकात घासण्याची चित्रे मोठी आहेत, तर लेपाविषयीच्या सूचना तळाशी बारीक अक्षरांत दिल्या आहेत. ज्या थरावर सगळा टिकाऊपणा अवलंबून आहे त्याबाबत उत्पादकाने इतकी काटकसर करावी, हे मला पटत नाही. मोठे हेडलाइट असणाऱ्यांनी लेपाची वेगळी बाटली आधीच आणून ठेवावी.

ड्रिलवर चालणारी किटही मिळतात. थ्री-एम कंपनीच्या अशा एका किटमध्ये पी500, पी800 आणि पी3000 या क्रमाच्या चकत्या असतात आणि त्यांनी वेळ निश्चितच वाचतो. मात्र चकती एका जागी थांबली तर प्लास्टिक तापते. पॉलिकार्बोनेट सुमारे 147 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि त्याच्या बऱ्याच आधी पृष्ठभागावर डाग दिसू शकतात. ड्रिलची सवय नसलेल्यांना मी हाताचेच किट सुचवीन.

टूथपेस्टचा उपाय पुष्कळ जण सांगतात. तिच्यातल्या सौम्य घर्षक कणांमुळे वरवरचा थर निघतो आणि थोडे दिवस फरक दिसतो, पण संरक्षण शून्य असते. मच्छर पळवणारे डीईईटीयुक्त द्रव मात्र कोणीही हेडलाइटला लावू नये. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून क्षणभर चकाकी आणते आणि मागे चिकट, भेगाळलेली काच ठेवून जाते. ओघळ रंगावर गेला तर तोही बिघडतो.

काम झाल्यावर रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिप बीम (खाली झुकलेला प्रकाशझोत) लावावा. प्रकाशाची वरची कड रेखीव दिसत असेल, तर काच नीट स्वच्छ झाली आहे. ती अजूनही पसरट असेल, तर आतला परावर्तक काळवंडला आहे का, हे पाहावे, कारण तसे असेल तर पूर्ण हेडलाइटच बदलावा लागतो. लेप चांगला बसला असेल, तर तो पुन्हा मंदावेल तेव्हा 600 नंबरपासून सुरुवात करण्याची गरज नसते. 2000 नंबरने हलके घासून नवा थर चढवला तरी पुरते.