जळगावात भाच्याची शाईडागांची चाचणी : अनुभव चांगला

भाचा १३ वर्षांचा, अमळनेर तालुक्यातला, घरी अहिराणीच बोलतो. रोर्शाकची शाईडागांची चाचणी, म्हणजे शाईच्या डागांची कार्डं दाखवून 'यात काय दिसतं' असं विचारणारी मानसशास्त्रीय चाचणी, आधी दुसरीकडे झाली होती. तिथल्या सरांनी टेबलापलीकडून भराभर कार्डं दाखवली. पोरगं बावरलं, एकेक उत्तर देऊन मोकळं झालं. दहा कार्डांना दहा उत्तरं! ही चाचणी घ्यायच्या एक्स्नर या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत किमान १४ उत्तरं लागतात, म्हणजे तो कागद बिनकामाचाच. तरी त्यावरून अहवाल हातात ठेवला, याचा मला आजही राग येतो.

जळगावच्या मॅडमनी याच चाचणीची २०११ साली आलेली आर-पास नावाची नवी पद्धत वापरली. सुरुवातीलाच सांगितलं, "प्रत्येक कार्डावर दोन, जमलं तर तीन गोष्टी सांग." एकच सांगितली तर आणखी एक विचारायची, चार झाल्या की कार्ड परत घ्यायचं. अबोल मुलांसाठी हे फार सोयीचं. त्या समोर नाही, शेजारी बसल्या. भाचा "हाई काय शे" म्हणत कार्ड फिरवू लागला, तर त्याचं अहिराणी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. दहाही कार्डं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून: कुठं दिसलं, कशामुळे तसं वाटलं?

नुसत्या डागांवर निदान केलं नाही. ताईशी आणि शाळेतल्या बाईंशीही त्या बोलल्या. वेळ बराच जातो, फीही कमी नाही. तरी न्यायचं तर इथेच न्या. फक्त आधी मोबाईलवर 'बरोबर उत्तरं' शोधून पोरांना पढवू नका.